भिंतीशी न थांबता

एसीवाल्याने जाळी परत बसवली, हात पुसले आणि मशीनमध्ये काही दोष नाही असं सांगितलं. पंखा सरळ फिरतोय, कुठे काही घासत नाही, पाणी ठिबकत नाही. मग ती शिट्टी कसली, असं रेकॉर्डिंग करणाऱ्याने विचारलं. कसली शिट्टी, असं एसीवाल्याने उलट विचारलं, आणि दोघेही छताकडे तोंड करून थोडा वेळ कान देऊन उभे राहिले. शिट्टी नव्हती. भिंतींना गालिचा चिकटवलेल्या त्या लहानशा खोलीत दोन पुरुष नुसते उभे राहिल्याचा काय आवाज असेल तेवढाच होता. साहेब, एकदा कान तपासून घ्या, असं एसीवाला जाता जाता म्हणाला. गमतीनेच म्हणाला, पण याला हसू आलं नाही. त्याच्या कानांबद्दल आजवर कुणी शंका घेतली नव्हती.

बोलत्या पुस्तकांचा स्टुडिओ होता तो. काचेच्या आतल्या खोलीत कुणीतरी बसून पुस्तक वाचायचं, काचेच्या बाहेर बसून याने ते भरून घ्यायचं, आणि मग दिवसच्या दिवस ते घासूनपुसून स्वच्छ करायचं. ओठांची चटचट, पानाची सळसळ, पोटातली गुरगुर, आणि मुख्य म्हणजे श्वास. माणूस वाक्याआधी श्वास घेतो ही गोष्ट ऐकणाऱ्याला आठवता कामा नये, असं मालकांचं ठाम मत होतं. पडद्यावर आवाज लाटांसारखा दिसतो, आणि प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी श्वासाचा एक लहानसा केसाळ पुंजका. तो पुंजका धरायचा, उडवायचा, आणि त्या जागी खोलीची शांतता चिकटवायची. नुसतं कोरं सोडून चालत नाही, कानाला खड्ड्यात पाय पडल्यासारखं होतं. म्हणून दर बैठकीच्या सुरुवातीला वाचणाऱ्याने खुर्चीत गप्प बसायचं आणि याने त्या गप्प खोलीचा आवाज भरून ठेवायचा, पुढे ठिगळं लावायला. या कामात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. सगळे त्याला कात्री म्हणत. मालक म्हणत, बाकीचे वाचणारे म्हणत, आणि त्याची बायकोही म्हणे.

बायको म्हणजे वाचणाऱ्या बाई. स्टुडिओत सगळे तिला नुसतं बाई म्हणत, म्हणून यानेही तेच धरलं, आणि लग्नानंतर घरीही ते तोंडातून गेलं नाही. दोघांची ओळख काचेतून झाली होती. तिचा आवाज भरदार नव्हता, गोडही नव्हता, पण तिच्यासारखं लांब वाक्य पेलणारं दुसरं कुणी नव्हतं. लेखकाने स्वल्पविरामांची कितीही माळ लावलेली असो, बाई शेवटच्या शब्दापर्यंत एका दमात जायच्या, आणि पूर्णविरामाशी पोचल्यावरसुद्धा गाठीला थोडं शिल्लक असायचं. त्या काळात कात्रीला तिच्या फितींवर कामच नसे. तुझ्यामुळे माझी नोकरी जाणार, असं तो तिला म्हणायचा, आणि हे त्याने तिच्याशी केलेलं पहिलं लाडाचं बोलणं होतं.

शिट्टी त्या शांततेच्या फितीत होती. नव्या कादंबरीचं काम सुरू होऊन महिना उलटला असेल, तेव्हा ठिगळं लावता लावता त्याला ती पहिल्यांदा ऐकू आली. बारीक, नीट न लागलेल्या खिडकीतून वारा येतो तशी, आणि तीही सतत नाही. येत होती, जात होती, परत येत होती. त्याने तारा बदलल्या. माइक बदलला. एसी उघडायला लावला. मग दुसऱ्या दिवशी बाई पाणी प्यायला बाहेर गेल्या तेवढ्यात त्याने रिकाम्या खोलीची शांतता भरून घेतली, आणि ती धुतल्या तांदळासारखी निघाली. बाई परत येऊन खुर्चीत बसल्या, गप्प राहिल्या, आणि शिट्टी सुरू झाली. काचेपलीकडे ती मांडीवर पुस्तक ठेवून नेहमीसारखी बसली होती, कपाळावर आलेली बट मागे सारत होती. हेडफोनमधून तिची छाती त्याच्या कानाला लावल्यासारखी वाजत होती. यावर त्याने काय केलं, तर त्या दिवसापासून ठिगळांना रिकाम्या खोलीची शांतता वापरायला सुरुवात केली. अडचण सुटली. ऐकणाऱ्याला काही कळणार नव्हतं.

दुसरी गोष्ट बोटाची. उजव्या हाताचं, पुंजके उडवणारं बोट संध्याकाळपर्यंत दुखायला लागलं. तिच्या फितीवर आजवर ते कधी दुखलं नव्हतं. आता ती वाक्याच्या मधेच, जिथे स्वल्पविराम नाही, अर्थही तुटत नाही, अशा जागी श्वास घेत होती. तो ते श्वास उडवून वाक्याची दोन्ही टोकं अशी सांधायचा की लेखकानेही मान डोलवावी. सांधून झाल्यावर परत ऐकायचा. पडद्यावर जुनीच बाई वाचत असायची, एका दमात, पूर्णविरामाच्या पुढेही शिल्लक ठेवून. ते ऐकताना त्याला खरोखर बरं वाटायचं. आपणच केलेल्या कामावर आपलाच विश्वास बसावा इतका तो हुशार होता.

काय आहे हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. सासूबाईंची गोष्ट त्याने जवळून पाहिली होती. त्या शेवटचं वर्ष पलंगाच्या काठावर बसून राहायच्या, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, खांदे वर-खाली होत असलेले, आणि दोन शब्द बोलल्या की तिसऱ्याची वाट पाहायला लावायच्या. समोरचा माणूस घाईने तो शब्द पुरवायचा, तर त्या रागवायच्या, कारण त्यांना भलताच शब्द हवा असायचा. फुप्फुसं आतून ताठ होत गेली होती. डॉक्टर म्हणाले होते, बरं करता आलं नसतं, पण आधी आला असतात तर पुष्कळ लांबवता आलं असतं. हे कधीकधी घराण्यात उतरतं, असंही ते म्हणाले होते, कागदावर काहीतरी लिहिता लिहिता, मान वर न करता. त्या दिवशी बाईने घरी येऊन आईच्या चादरी भिजत घातल्या, आणि बादलीत हात तसाच ठेवून त्याला सांगितलं की मला कधी असं काही व्हायला लागलं तर मला आधी कळायला हवं, आईसारखं शेवटी नको. तो हो म्हणाला होता. नवरे म्हणतात तसं, पटकन. म्हणजे आता जे सांगायचं होतं ते फार मोठं नव्हतं. बाई, तुझी छाती वाजतेय, डॉक्टरकडे जाऊ. एवढंच. रोज सकाळी ते वाक्य त्याच्याजवळ तयार असायचं, आणि जाणारा प्रत्येक दिवस डॉक्टरांनी म्हटलेल्या त्या ‘आधी’मधला एक दिवस होता, हेही त्याला कळत होतं. पण बोललं की ते घरात येणार. आज ते फक्त फितीत होतं, आणि फितीतलं काहीही तो काढून टाकू शकत होता.

पोहण्याच्या तलावावर तो शिट्टीच्या आधीपासून दोन-अडीच वर्षं जात होता. पडद्यासमोर वाकून वाकून मानेचं लाकूड झालं होतं, म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी पोहायला सांगितलं होतं. सकाळी मोठ्या माणसांची तुकडी असायची. पोटं सुटलेले, गुडघे गेलेले, निवृत्तीची वाट पाहणारे आणि निवृत्तीला कंटाळलेले. त्यांना शिकवायला एक तिशीची मुलगी होती, पूर्वी स्पर्धांमध्ये पोहणारी, खांदा निखळल्यावर काठावर आलेली. गळ्यात कायम टॉवेल, हातात लांब काठी. ती या सगळ्यांना काका-काकू म्हणे आणि हे सगळे तिला ताई म्हणत, कारण तिच्यापुढे वय चालत नसे. कात्रीचं पोहणं म्हणजे भिंतीपर्यंत जायचं, कठडा धरायचा, उभं राहून धापा टाकायच्या, गॉगल कपाळावर घ्यायचा, शेजारच्या लेनमधल्या माणसाशी दोन शब्द बोलायचे आणि मग परत निघायचं. त्यात त्याला काही कमी वाटत नव्हतं. पण शिट्टीनंतर ते बिघडलं. पोहताना डोकं रिकामं असायचं, हात आणि पाय आणि निळं पाणी आणि तळाशी रंगवलेली काळी पट्टी, बस. भिंतीशी उभं राहिलं की मात्र सगळं तिथे येऊन थांबलेलंच असायचं. आज तरी सांग. रात्री सांग. जेवताना नको, जेवल्यावर सांग. मग तो शेजारच्याला हवापाण्याचं काहीतरी विचारायचा आणि उत्तर न ऐकताच पाण्यात घुसायचा.

म्हणून त्याने ताईला ती कोलांटी शिकवायला सांगितलं. स्पर्धेतले लोक मारतात ती, भिंतीला हात न लावता, पाण्यातच डोक्यावरून उलटून, पायांनी भिंत ढकलून परत फिरायची. काका, कुणाशी शर्यत लावलीय, असं तिने विचारलं. थांबायचं नाहीये मला, असं तो म्हणाला. ताईला हा उत्साह वाटला आणि ती खूश झाली. तिने त्याला आधी उथळ पाण्यात, भिंतीपासून लांब, नुसतं उलटायला लावलं. हनुवटी छातीला, गुडघे पोटाशी, आणि फिरा. तो फिरला आणि वर-खाली कुठे आहे तेच कळेना. पाणी दोन्ही नाकपुड्यांतून आत शिरलं आणि डोळ्यांच्या मागून थेट टाळूपर्यंत जाळत गेलं. नाकातोंडात पाणी जाणं हे त्याने आजवर कामाच्या बाबतीतच म्हटलं होतं. धडपडत वर आला तो शेजारच्या लेनमध्ये, आणि त्याची टाच एका निवृत्त गृहस्थांच्या पोटात बसली. त्यांनी ते मोठ्या मनाने घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून लेन बदलली.

घोडं कुठे अडतंय ते ताईने लगेच ओळखलं. तिने त्याला नुसतं तोंड पाण्यात घालून उभं राहायला सांगितलं आणि काठावर उकिडवी बसून ती बघत राहिली. बुडबुडे नव्हते. तुम्ही श्वास घेता आणि धरून ठेवता, ती म्हणाली. मोठी माणसं सगळी अशीच करतात, पाण्यात जाताना पोतं भरून घेतात, जसं काही पुन्हा मिळणारच नाही. मग वर आल्यावर एवढ्याशा वेळात सोडायचंही आणि घ्यायचंही, दोन्ही अर्धवट होतं, आणि दोन फेऱ्यांत माणूस लाल. तुम्हाला हवा कमी पडत नाहीये काका, ती म्हणाली, जुनी हवा जास्त होतेय. उलटताना नाकातून सतत सोडत राहिलं तर पाणी आत येऊच शकत नाही, त्याला जागाच नसते. नाकाला लावायचा चिमटा त्याने मागून पाहिला. तिने साफ नाही म्हटलं. चिमटा लावला की सोडायचं कधीच शिकणार नाही, म्हणाली.

पण ते सोडणं त्याच्या जिवावर यायचं. त्याला पाण्याची भीती नव्हती. आत भरलेलं होतं ते आपलं होतं, आणि ते आपल्या हाताने काढून द्यायला शरीरच तयार नसे. आयुष्यभर दुसऱ्यांचे श्वास काढून टाकणाऱ्या माणसाला स्वतःचा एक निघेना, हे त्याचं त्यालाच चमत्कारिक वाटलं. संध्याकाळी स्टुडिओत बसून तो बाईच्या फितीवर तिचे श्वास मागे-पुढे करून ऐकायचा. आधी घेतलेला श्वास, मग सोडलेला. सोडलेला त्याने आजवर नीट ऐकलाच नव्हता, कारण तो शब्दांत मिसळून जातो. बोलणं म्हणजे शेवटी सोडलेला श्वासच. तिचे शब्द वाक्याच्या शेवटाकडे पातळ होत चालले होते. तिथे तो आवाज थोडा वाढवायचा, आणि ते इतकं बेमालूम जमायचं की काम संपल्यावर खुर्चीत मागे रेलून तो स्वतःवर खूश व्हायचा, आणि मग खूश झाल्याची लाज वाटून उठायचा.

एकदा बाजारातून परतताना जिन्यात बाई मधल्या पायरीवर थांबली. कठड्याला हात लावून हसत म्हणाली, हल्ली जिने जास्त वाटतात, नाही? आणि ती त्याच्याकडे बघत राहिली, एखादा शब्द बरोबर लिहिलाय का असं विचारताना बघावं तसं. तो दोन पायऱ्या खाली होता, दोन्ही हातांत पिशव्या. वाक्य तोंडात आलेलं होतं. तो म्हणाला, "आपण नसताना वाढवलेत वाटतं त्यांनी." ती मोकळेपणाने हसली, अगदी पूर्वीसारखी, आणि पुढे चढायला लागली. तिला हसवलं याचा त्याला इतका आनंद झाला की वर पोचेपर्यंत तो आणखी दोन विनोद करून बसला. वर पोचल्यावर तिने कुलूप उघडायला किल्ली त्याच्याकडे दिली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

शेवटी ताईनेच तोड काढली. पाण्यात गुणगुणा, ती म्हणाली. गुणगुणताना नाकातून हवा जातेच, माणूस इच्छा असली तरी रोखू शकत नाही. त्याला काही गुणगुणता येत नव्हतं. सूर ओळखणारे कान असून गळा नव्हता. मग बोला, ताई म्हणाली. काहीही बोला. तोंड मिटून बोला, नाकातून. आकडे म्हणा, शिव्या द्या, पाण्यात कुणाला ऐकू जातंय. तो भिंतीकडे निघाला. तळाची काळी पट्टी संपून आडवी झाली, त्याने हनुवटी छातीला लावली, आणि उलटता उलटता तोंड मिटून जे पहिलं आलं ते बोलला. बाई, तुझी छाती वाजतेय. नाकातून बुडबुड्यांची माळ निघाली, गालांवरून सरकली, पाणी कुठेही शिरलं नाही. पाय भिंतीला लागले. त्याने ढकललं आणि तो सरळ बाणासारखा सुटला, तोंड वर येईपर्यंत छाती रिकामी झालेली, आणि आत आलेला श्वास इतका मोठा, इतका ताजा की त्याला गहिवरून आलं. पलीकडच्या भिंतीशी तो म्हणाला, डॉक्टरकडे जाऊ. परत अलीकडच्या भिंतीशी, मी ऐकतोय बरेच दिवस.

त्यानंतर त्याची प्रगती बघण्यासारखी होती. ताई चुका काढत राहिली. भिंतीच्या आधी मान वर करून बघता, बघायचं नाही, भिंत कुठे जात नाही. वळायच्या ऐन वेळी श्वास घेता, तो आधीचा हात मारतानाच घेऊन ठेवा. पाय भिंतीवर फार वर पडतायत. पालथं व्हायची घाई करू नका, आधी ढकला, मग वळा. तो एकेक गोष्ट मनावर घेऊन सुधारत गेला, कामातली किचकट जागा सुधारावी तशी. श्वासही बसला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मधले हात मारताना सावकाश सोडत. धापा गेल्या. भिंत यायची आणि जायची. आणि दर भिंतीशी तो तिला सगळं सांगायचा. शांततेच्या फितीबद्दल सांगायचा, रिकाम्या खोलीच्या ठिगळांबद्दल सांगायचा. तुझ्या आईसारखं असेल, असंही एकदा म्हणून झालं. तू म्हणाली होतीस आधी कळायला हवं, मी हो म्हणालो होतो, तेही म्हणून झालं. पाणी सगळं ऐकून घ्यायचं. बाहेर यायचा तेव्हा त्याला हलकं वाटायचं, खरंच सांगून आल्यासारखं, आणि घरी पोचून बाईच्या समोर चहाला बसला की ते वाक्य शोधूनही सापडत नसे. ते खर्च झालेलं असायचं. तुझा चेहरा बघ कसा तुकतुकीत झालाय पोहून, असं ती म्हणायची. तिचा खालचा ओठ हल्ली जरा जांभळट दिसायचा. तो नजर कपात घालायचा.

एका सकाळी ताईने शिट्टी मारून सगळ्यांना काठाशी उभं केलं आणि काकांकडे बघा असं सांगितलं. त्याला मधली लेन मोकळी करून दिली. तो गेला, उलटला, आला, पुन्हा उलटला. पाण्याखालून त्याला काठावरच्या ओल्या पायांची रांग दिसली. टाळ्या बुडून ऐकू आल्या. थांबल्यावर ताई कौतुकाने म्हणाली, काय मस्त सोडता आता, पाणी नुसतं उकळल्यासारखं दिसतं, सांगा तरी सगळ्यांना काय बोलता ते. सगळे हसले. ज्या गृहस्थांच्या पोटात टाच बसली होती तेही हसले. आकडे मोजतो, तो म्हणाला. मग कठडा धरून तिथेच उभा राहिला, बऱ्याच दिवसांनी, आणि त्याला स्वतःची मनापासून किळस आली. डॉक्टरकडे न्यायचं वाक्य वापरून तो कोलांटी शिकला होता. आज सांगायचंच, असं त्याने ठरवलं. असं त्याने पुष्कळदा ठरवलं होतं, पण आज भिंतीशी उभा राहून ठरवलं.

त्या दिवशी कादंबरीचं शेवटचं प्रकरण होतं. बाई आत गेल्या, खुर्ची ओढून बसल्या, हेडफोन लावला. शांतता भरून घेताना शिट्टी आता इतकी स्पष्ट होती की तिला बारीक म्हणणं खोटं ठरलं असतं. वाचन सुरू झालं. प्रकरणाच्या मध्याला अर्ध्या पानाचं एकच वाक्य होतं, घरातून निघून जाणाऱ्या माणसाने मागे वळून काय काय पाहिलं त्याचं. असली वाक्यं म्हणजे बाईची मेजवानी. ती सरसावून बसली, निघाली, आणि तिसऱ्या ओळीत तुटली. परत घेते, म्हणाली. परत चौथ्या ओळीत तुटली. पुन्हा घेतलं, आणि या वेळी शेवटापर्यंत गेली, पण ठिकठिकाणी थांबत, शब्दांच्या मधूनच हवा ओढत. वाक्य संपल्यावर ती पुस्तकावर हात ठेवून बसली आणि तिचे खांदे वर-खाली होत राहिले. कात्रीने पडद्याकडे पाहिलं. पहिल्या वेळची सुरुवात, दुसऱ्या वेळचा मधला भाग, तिसऱ्याचं शेवटचं टोक. बेमालूम होईल, असा विचार त्याच्या मनात येऊन गेलेला होता आणि हात माउसवर जाऊन पोचलेला होता. तो त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने तो उचलला आणि आतल्या खोलीशी बोलायचं बटण दाबलं.

"बाई, हे राहू दे," तो म्हणाला. "आपण डॉक्टरकडे जाऊ. आत्ताच. तुझी छाती वाजते. मला ऐकू येतंय, बरेच दिवस."

त्याने बोट उचललं, तिचं बोलणं ऐकण्यासाठी. हेडफोनमध्ये ती शिट्टी येत होती. बाईने वर पाहिलं नाही. तिने पानात खुणेची पट्टी घातली, पुस्तक मिटलं, मांडीवर सरळ केलं. ती ओरडेल, रडेल, इतके दिवस का नाही बोललास असं विचारेल, याची सगळी उत्तरं त्याने पाण्यात देऊन ठेवली होती. ती बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता. वाचताना असायचा तसाच तो होता, सावध, शब्द नीट लागावेत असा.

"मलाही येतं की ऐकू," ती म्हणाली. "हेडफोन मीही लावते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घाबरलेच होते. आईसारखं वाटलं."

ती थांबली. तिचा श्वास आत गेला, दोन टप्प्यांत, मधे अडखळून. तो संपेपर्यंत त्याला थांबावं लागलं.

"मग म्हटलं, बाहेर तू बसलायस," ती म्हणाली. "तुझ्या कानातून आजवर काही सुटलेलं नाही. खरंच काही असतं तर तू पहिल्याच दिवशी बोलला असतास." पुन्हा श्वास. "रोज वाटायचं, आज बोलतो की काय. तू काही बोलला नाहीस. म्हणून मी निर्धास्त होते."

आता तिने वर पाहिलं. हेडफोन दोन्ही हातांनी कानांशी दाबून ती काचेतून त्याच्याकडे बघत होती, त्याला पुढे काय म्हणायचंय ते ऐकण्यासाठी. त्याने बटण दाबलं आणि तोंड उघडलं, तर शब्दाऐवजी छातीतून नुसती हवा बाहेर यायला लागली, तोंडातून, नाकातून, हुंदक्याहुंदक्याने, मोठा, ओबडधोबड आवाज करत, आणि थांबेना. तो आवाज सरळ तिच्या कानात जात होता. त्याने बटणावरचं बोट उचललं.